दगडातलं सुतारकाम



  

मला विषय दिलेला आहे जुन्या लाकडी प्रार्थनाघरांचा. हा विषय निघाला की माणसं लगेच परदेशात जातात, आणि त्यात चूक काही नाही. नॉर्वेमध्ये उर्नेस नावाचं छोटं गाव आहे. तिथे समुद्राच्या लांब फाट्यावर, डोंगरउतारावर, साधारण ११३० च्या सुमाराला बांधलेलं एक चर्च आजही उभं आहे. खांब लाकडाचे, भिंती लाकडाच्या, छप्पर लाकडाचं. अशा पद्धतीची चर्चं त्या देशात एके काळी गावोगावी होती. आज अठ्ठावीस उरली आहेत. १९७९ साली उर्नेसचं चर्च जागतिक वारशाच्या यादीत गेलं. रशियातल्या किझी बेटावर १७१४ साली बांधलेलं बावीस घुमटांचं लाकडी चर्च आहे. जपानात नारा शहराजवळ होर्यूजी हा बौद्ध विहार आहे. त्याचा लाकडी मनोरा आणि मुख्य मंदिर सातव्या-आठव्या शतकापासून उभं आहे.

हे ऐकलं की आपल्याला वाटतं, आपल्याकडे असलं काही नाही. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. सिन्नरचा गोंदेश्वर दगडाचा, झोडग्याचा माणकेश्वर दगडाचा, त्र्यंबकेश्वर दगडाचा. लाकूड आपण वाड्याला वापरलं, बैलगाडीला वापरलं, चुलीत घातलं. देवाच्या घराला मात्र दगड.

आज मी या समजुतीलाच हात घालणार आहे. माझं म्हणणं असं की, या महाराष्ट्रातली सर्वांत जुनी प्रार्थनाघरं सुतारांच्या डोक्यातून निघालेली आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी त्या काळचं खरं लाकूड अजून छताला आहे. आणि ही प्रार्थनाघरं उभी करायला राजांच्या बरोबरीनं साध्या माणसांनी आणि अख्ख्या गावांनी हात लावलेला आहे.

सुरुवात जवळून करू. आपल्या लासलगावहून नाशिक फार लांब नाही. नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. तिथली पांडवलेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शाळेची सहल तिथे हमखास जाते. एकंदर चोवीस लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, सातवाहन आणि क्षत्रप राजांच्या काळातली लेणी आहेत. त्यांतलं अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह. बाकीची बहुतेक लेणी राहायची, हे प्रार्थनेचं. आत स्तूप आहे, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत, स्तूपाला प्रदक्षिणा घालता येईल अशी मागे गोलाई आहे. लांबी साधारण अडतीस फूट. म्हणजे आकारानं ते एखाद्या गावच्या देवळाएवढंच आहे.

आता त्याच्या दाराशी थांबा. घाईनं आत जाऊ नका. सहलीतली मुलं आत पळतात, त्यांना मी दर वेळी दारात अडवतो. दारावरच्या अर्धगोल कमानीकडे बघा. दगडच आहे, पण त्या दगडात काय कोरलंय? एक लाकडी चौकट कोरली आहे. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, त्यांनी केलेली घरं, त्या घरांमध्ये प्राणी आणि बौद्ध चिन्हं. लाकडी इमारतीत कमानीची मोकळी जागा भरायला सुतार जशी जाळीची चौकट बसवतो, ती जशीच्या तशी इथे दगडात उतरली आहे. त्याच्या वर मोठी, घोड्याच्या नालासारखी खिडकी आहे, आणि तिच्या कडेखाली ओळीनं वाशांची टोकं बाहेर आलेली दिसतात. दगडात वासे कशाला हवेत? डोंगर वाशांवर उभा असतो का?

तिथून तिसऱ्या लेण्याकडे या. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख याच लेण्यात आहे. ओसरीच्या जोत्याखाली सहा बलदंड पुरुष अर्धे जमिनीत बुडालेले दाखवलेत. त्यांच्या खांद्यांवर जाड तुळया आहेत आणि सगळी ओसरी त्या तुळयांवर ठेवल्यासारखी दिसते. तुळयांची टोकंसुद्धा नीट तासून दाखवली आहेत. आतल्या दाराची चौकट म्हणजे सरळ एक लाकडी तोरण आहे, सांचीला जसं आहे तसं. एकोणिसावं लेणं सातवाहन राजा कृष्णाच्या वेळचं, या डोंगरातलं सर्वांत जुनं मानलं जाणारं. त्याच्या खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत, पण त्या जाळीची वीण लाकडी पट्ट्यांची आहे.

असं का झालं? कारण साधं आहे. लेणी कोरायला सुरुवात झाली तेव्हा या देशातली मोठी घरं, वेशी, सभागृहं लाकडाची होती. ग्रीक वकील मेगॅस्थेनीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला तेव्हा पाटलीपुत्राची तटबंदी लाकडाची असल्याचं त्यानं लिहून ठेवलं, आणि पाटण्याजवळ बुलंदीबागेच्या उत्खननात त्या तटाचे जाडजूड लाकडी ओंडके जमिनीखाली खरोखर सापडले. बिहारमध्येच बराबर डोंगरात लोमश ऋषी नावाची गुहा आहे, मौर्य काळातली. तिचं दार म्हणजे वाकवलेल्या लाकडाच्या कमानीची दगडी नक्कल आहे, वर हत्तींची रांग. तिथून ही रीत सह्याद्रीत आली. प्रार्थनागृह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाकवलेल्या वाशांचं, कमानदार छपराचं लाकडी घर यायचं. डोंगरात देवघर कोरायचं ठरलं तेव्हा त्यांनी तेच घर डोंगरात कोरलं. घडवणाऱ्याचा हात छिन्नीचा होता, डोकं सुताराचं होतं.

हे सगळ्यांत उघडपणे बघायचं असेल तर मावळात, भाज्याला जा. भाज्याचं चैत्यगृह इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते सगळे आतल्या बाजूला झुकलेले आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, डोंगर खचला की काय. डोंगर खचलेला नाही. लाकडी मांडवात छपराचा रेटा बाहेर जातो, म्हणून सुतार खांब मुद्दाम आत कलते रोवतो. दगडी खांबाला हा कल देण्याची काहीही गरज नव्हती. तरी दिला. ज्यानं तो खांब कोरला त्याच्या मनात ‘खांब म्हणजे असाच’ इतकं पक्कं बसलेलं होतं.

भाज्याच्या चैत्यगृहाला समोरची भिंत नाही, सगळं मोकळं आहे. पूर्वी तिथे लाकडाची भिंत होती. तिची कुसवं जिथे बसायची ती भोकं खडकात अजून आहेत. बोट घालून बघा. चौकोनी, स्वच्छ, सुताराच्या मापाची भोकं. आणि वर छताला अर्धगोल सागवानी कमानी. गेल्या शतकाच्या मध्याला पुरातत्त्व खात्याचं काम चाललं होतं, तेव्हा त्या जुन्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली. दगडावरची अक्षरं टिकतात, हे आपण धरूनच चालतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी लाकडावर कोरलेली अक्षरं आपल्याला वाचायला मिळावीत, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे.

आता कार्ले. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या सांगण्याचा जीव तिथे आहे.

कार्ल्याचं चैत्यगृह इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. लांबी सुमारे १२४ फूट, उंची सुमारे ४५ फूट, सदतीस खांब. आपल्या देशातलं कोरलेलं सर्वांत मोठं चैत्यगृह. दारासमोर एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी, आगरी आणि कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. चैत्र महिन्यात तिथे पालख्या येतात, गुलाल उधळला जातो, डोंगर माणसांनी भरून जातो. त्या गर्दीतून वाट काढत आत गेलात की आवाज एकदम बदलतो. मान वर करा.

छताला ओळीनं अर्धगोल कमानी आहेत. एकीपाठोपाठ एक, थेट स्तूपापर्यंत. त्या लाकडाच्या आहेत. सागाच्या. स्तूपावर एक कोरीव छत्र आहे, तेही लाकडाचं. उर्नेसचं चर्च बांधलं गेलं तेव्हा या लाकडाचं वय हजार वर्षांच्या पुढे गेलेलं होतं.

या कमानी कसला भार पेलतात? कसलाही नाही. वर अखंड डोंगर आहे, तो स्वतःला पेलायला समर्थ आहे. कमानी काढून घेतल्या तर एक खडाही खाली येणार नाही. मग कुणीतरी जंगलातून साग तोडून, ताशीव करून, एवढ्या उंचीवर, खडकात खाचा पाडून त्या का बसवल्या? एवढा खर्च का केला? एवढी मेहनत का घेतली?

यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. कुणी म्हणतं, जुन्या सवयीचा पगडा. कुणी म्हणतं, सजावट. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. मी तिथे बसलो आहे, माणसं आत येतात तेव्हा त्यांच्याकडे बघितलं आहे. लाकडाच्या कमानी नसत्या तर ती एक प्रचंड गुहा झाली असती. कमानींनी तिचं घर केलं. जी माणसं गवताच्या, बांबूच्या, लाकडाच्या छपराखाली जन्मली आणि मेली, त्यांना प्रार्थनेच्या जागीही आपल्या ओळखीचं छप्पर हवं होतं. भार पेलणं एवढंच छपराचं काम असतं असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या आजोळच्या माळवदाखाली झोपून कड्या मोजलेल्या नाहीत.

हे लाकूड टिकलं कसं, हेही सांगतो, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. कांदाचाळ बांधताना तुम्ही काय करता? तळ जमिनीपासून उचलता, खालून-बाजूंनी वारा खेळता ठेवता, वरून पाणी येणार नाही असं छप्पर घालता. ओल आणि कोंडलेली हवा या दोनच गोष्टी माल कुजवतात. लाकडाचंही अगदी तसंच आहे. कार्ल्याच्या कमानींना माती लागत नाही, थेट पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही. त्यात तो साग. सागात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. खांबाला ओलीपासून वाचवायची ही अक्कल सगळीकडच्या सुतारांना आलेली दिसते. नॉर्वेत आधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले होते, ते कुजून गेले. पुढे त्यांनी दगडावर लाकडी चौकट ठेवून तिच्यावर खांब उभे केले आणि ती चर्चं टिकली. आपल्या वाड्यात खांबाखाली तळखडा असतो, तो याचसाठी. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या चैत्यातल्या खांबांचे पाय दगडी घटांत उभे केलेले दाखवलेत, तेही वाळवी चढू नये म्हणून लाकडी खांब मडक्यात ठेवण्याच्या जुन्या रीतीवरून आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

नाशिकचं लाकूड मात्र गेलं. अठराव्या लेण्यातही छताला लाकडी कमानी होत्या, समोरच्या मोठ्या खिडकीतही लाकूडकाम होतं. फार पूर्वीच ते नाहीसं झालं. आज तिथे उभं राहून वर बघितलं की उघडा खडक दिसतो. आपल्या जिल्ह्यातलं, आपल्या घरचं ते छप्पर. कार्ल्याला गेल्यावर मला नाशिकची ती उघडी पाठ आठवते, आणि वाईट वाटतं.

पुढे काय झालं? पुढे सुतार हळूहळू मागे सरला आणि त्याचं काम पाथरवटानं उचललं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात मधल्या भागाला लाकडी कमानी होत्या, बाजूच्या ओवऱ्यांना दगडीच कोरल्या. म्हणजे एकाच लेण्यात दोन्ही. पाचव्या शतकातल्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यात सगळ्या कमानी दगडाच्या. वेरूळच्या दहाव्या लेण्यात तर पाथरवटानं छताची एकेक फासळी खडकातूनच काढली. लोकांनी त्या लेण्याला काय नाव दिलं, माहीत आहे? सुतार झोपडी. आतल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार मंडळी तिथे पूजेला येत. कुणा पंडितानं त्यांना शिल्पशास्त्र शिकवलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं आणि आपलं काम ओळखलं. सहा-सातशे वर्षांत सागाच्या एका कमानीची दगडी फासळी होत गेली, आणि तरीही ज्यांच्या हातात वाकस आणि पटाशी होती त्यांना ती आपलीच वाटली. मला यापेक्षा मोठा पुरावा नको.

आता मी दुसऱ्या मोठ्या मुद्द्याकडे येतो. ही घरं कुणाची?

युरोपात गावच्या चर्चबद्दल बोलताना लोक अभिमानानं सांगतात की ते गावकऱ्यांनी उभारलं. आपल्याकडे लेणी म्हटलं की आपण लगेच राजांची नावं घेतो. सातकर्णी, पुळुमावी, नहपान. राजांनी दानं दिली, खरं आहे. पण त्या भिंती नीट वाचा. नाशिकच्या अठराव्या लेण्याच्या दारावर, त्या लाकडी चौकटीच्या कोरीवकामाशीच, एक लेख आहे. तो सांगतो की हे नाशिककरांपैकी धंबिक गावाचं दान आहे. एका माणसाचं नाव नाही. गावाचं नाव आहे. अख्ख्या गावानं मिळून देवघराचं दर्शनी काम करून दिलं आणि आपल्या गावाचं नाव तिथे लावलं. आजही देवळाच्या मंडपाला ‘समस्त ग्रामस्थ’ अशी पाटी लागते. तिचं हे दोन हजार वर्षांपूर्वीचं रूप आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात आहे. त्याच चैत्यगृहाच्या खांबांवर भटपालिका नावाच्या स्त्रीचा लेख आहे. हे चैत्यगृह पुरं करून दिल्याची नोंद तिच्या नावावर आहे. शेजारच्या लेण्यांत वीर नावाच्या व्यापाऱ्याचं दान आहे, सोबत त्याच्या बायकोचं आणि मुलीचंही नाव. मुगूदास नावाच्या एका कोळ्याचं लेणं आहे. मासे धरून पोट भरणाऱ्या माणसानं डोंगरात लेणं कोरवून दिलं. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचंही आहे.

आणि कार्ल्याला? तिथे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, त्यानं हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पुरं केलं म्हणून. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. दाराशी गंध विकणाऱ्या सिंहदत्ताचं नाव आहे. आणि त्याच दारापाशी, मित्रांनो, एक सुतार आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. या घराचं दार त्यानं घडवलं, असा लेख आहे. दोन हजार वर्षं पाऊस, धूर, गुलाल, यात्रा हे सगळं झेलून त्याचं नाव तिथे आहे. श्रेष्ठीच्या नावाइतकंच स्पष्ट. ज्या समाजानं भूतपालाबरोबर सामीलाही आपलं नाव कोरू दिलं, त्या समाजाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आपण गेल्या पन्नास वर्षांत बांधलेल्या किती देवळांवर गवंड्याचं आणि सुताराचं नाव आहे? देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मी मोजत नाही. मी कारागिराच्या नावाबद्दल विचारतो आहे.

हे व्यापाऱ्यांचं गाव आहे, इथली बाजार समिती १९४७ पासूनची, म्हणून हिशेबाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख बसतो. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि फलकांवर नोंदवला, असंही लेखात आहे. देवाच्या घराचं काम बांधून झाल्यावर संपत नाही, दर पावसाळ्यात खर्च येतो, हे त्या लोकांना ठाऊक होतं. बांधणाऱ्याची वर्गणी आणि सांभाळणाऱ्याची ठेव, दोन्हीची सोय त्यांनी केली.

सांभाळण्याचं म्हणाल तर जपानातल्या इसे इथल्या देवस्थानाची रीत बघण्यासारखी आहे. तिथली लाकडी मंदिरं दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात, जुन्या मापांनी, जुन्याच सांध्यांनी. शेवटची खेप २०१३ ला झाली. वीस वर्षांचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. म्हातारा सुतार, हाताखालचा जाणता सुतार आणि शिकणारा पोरगा, तिघंही एकाच कामावर सापडतात. लाकूड बदलतं, हात बदलतात, विद्या राहते.

आणि आपण? इथे मला थोडं कडक बोलावं लागेल.

आपल्या या पंचक्रोशीत अजून जुनं लाकूडकाम आहे. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल इथून जवळ आहे. अहिल्यादेवींच्या नावाशी जोडलेला. त्याचे कोरीव सागवानी खांब, महिरपी, चौकाभोवतीचे सोपे बघा. नाशिकचा सरकारवाडा बघा. ही मोठ्यांची कामं झाली, त्यांच्याकडे खात्याचं लक्ष तरी आहे. मला काळजी आहे ती नाव नसलेल्या देवळांची. गावातलं मारुतीचं, विठोबाचं, खंडोबाचं देऊळ. गाभारा दगडाचा, पुढे लाकडी सभामंडप. चार-सहा खांब, दगडी तळखडे, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचा, वर धाबं. इथे कीर्तनं झाली, इथे पंचायत बसली, इथे सप्ताहाच्या पंगती उठल्या. असा मंडप आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावोगाव पाडत आलो. त्याला नाव दिलं जीर्णोद्धार. जागी काँक्रीटचा सांगाडा आला, चकचकीत फरशी आली, आणि जुनं सागवान लिलावात गेलं. काही खांब शहरातल्या हॉटेलांच्या शोभेला उभे आहेत.

भाविकांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पत्रा गळतो, धाबं दर पावसाळ्यात माती मागतं, जुन्या कड्या वाकतात, आणि उत्सवाला जागा पुरत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. धाब्यावर पांढरी माती टाकणारा माणूस आता मिळत नाही. पण खरं सांगा, पाडण्यापूर्वी कुणी सुताराला बोलावून विचारलं का, की यातलं किती लाकूड खरोखर कुजलंय? बहुतेक वेळा भिंतीत गेलेलं तुळईचं टोक तेवढं कुजलेलं असतं. कारण तिथे ओल मुरते आणि वारा लागत नाही. टोक कापून नवीन जोड देता येतो. खांब खालून हातभर खराब असेल तर तेवढाच तुकडा बदलून वरचा खांब आणखी शंभर वर्षं चालतो. आपल्या सुतारांना हे येत होतं. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला भोक पाडायचं, लाकडी खुंटी ठोकायची. खिळा नाही, म्हणून गंज नाही. सांधा सैल झाला तर पाचर मारायची. सगळा मंडप उकलता येतो आणि पुन्हा जोडता येतो. ही विद्या ज्यांच्या हातात आहे ती माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची मुलं प्लायवूडचं फर्निचर करतात, ते मी दोष म्हणून सांगत नाही. पोट त्यावर चालतं. पण बापाकडून मुलाकडे जाणारं जे होतं, ते मधेच थांबलंय.

म्हणून माझी इथल्या तरुणांना आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना विनंती आहे. ज्या गावात असा मंडप अजून उभा आहे, तिथे पाडण्याचा ठराव करण्याआधी एक दिवस द्या. मंडपाचा नकाशा काढा. खण किती, खांब किती, दोन खांबांमधलं अंतर किती, तुळईची जाडी किती, हस्तावर काय कोरलंय, सगळं लिहा. प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या. गावातल्या सर्वांत वयस्कर सुताराला खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक भागाला तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. लाकडावर कुठे नाव, साल किंवा खूण कोरली आहे का, ते धूळ पुसून बघा. भाज्याच्या कमानींवरची अक्षरंही अशीच कुणीतरी नीट बघितल्यावर दिसली. मंडप उतरवावाच लागला, तर तुकड्यांवर आकडे घाला आणि लाकूड विकू नका. नव्या मंडपात निदान गाभाऱ्यापुढचा एक खण तरी त्याच खांबांचा ठेवा. आणि राखलं तर दुरुस्तीसाठी देवस्थानच्या खात्यावर वेगळी ठेव ठेवा, जिच्या मुद्दलाला कुणी हात लावणार नाही.

शाळांनी एक करावं. त्रिरश्मीची सहल नेतातच, तर मुलांना आधी गावच्या मंडपात उभं करावं. खांब, हस्त, तुळई, वासा दाखवावा. मग अठराव्या लेण्याच्या दारात नेऊन विचारावं, यातलं काय काय ओळखता? मुलं भराभर बोटं दाखवतात. मी हे करून पाहिलेलं आहे. निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, कुठल्याही गावात असं मोजमाप घ्यायचं ठरलं तर टेप, कागद आणि शिडी घेऊन मी यायला तयार आहे. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे माझा पत्ता आहे. पावसाळ्यापूर्वी कळवलंत तर बरं, कारण गळती लागलेल्या धाब्यावर जूननंतर चढता येत नाही.